हळू सुराचा हक्क : गिटारसाठी कॉम्प्रेसर निवडताना



आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्याकडे दोन प्रश्न आले. पहिला असा की, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने गिटारच्या पेडलवर काय म्हणून बोलावं? दुसरा असा की, ते सगळं राहू द्या, कुठलं घेऊ तेवढं सांगा. दुसरा प्रश्न जास्त प्रामाणिक आहे. त्याचं उत्तर आम्ही देणार आहोत आणि नावं घेऊन देणार आहोत. पहिल्याचं उत्तर वाटेत आपोआप मिळेल. डिस्टॉर्शनचं पेडल सूर फाडतं, डिले त्याची नक्कल करून मागून पाठवतो, रिव्हर्ब त्याला राहायला खोली देतो. कॉम्प्रेसर यातलं काहीच करत नाही. कुठला सूर किती मोठा असावा, एवढंच तो ठरवतो. पण ते तर वादकाने आधीच ठरवलेलं असतं! एक सूर जोरात, दुसरा हळू, हे त्याच्या उजव्या हाताने मनात काही धरूनच केलेलं असतं. त्या निर्णयावर बसलेलं हे अपील कोर्ट आहे. अशा कोर्टाची तपासणी करणं हा आमच्याच विषयाचा भाग आहे असं आम्ही मानतो.

आधी यंत्राची रीत समजून घेऊ, म्हणजे भांडण कशावरून आहे ते कळेल. कॉम्प्रेसरला एक उंबरठा असतो, ज्याला थ्रेशोल्ड म्हणतात. उंबरठ्याच्या खाली असलेल्या सुराला तो हात लावत नाही. सूर वर गेला की त्याला दाबतो, आणि किती दाबायचं ते गुणोत्तरावर ठरतं. समजा गुणोत्तर चारास एक आहे आणि तुम्ही तार इतक्या जोराने छेडली की सूर उंबरठ्याच्या 12 डेसिबल वर गेला. बाहेर पडताना तो फक्त 3 डेसिबल वर असेल. 9 डेसिबल कापले गेले. आता एकूण आवाज खाली आला, म्हणून शेवटचा नॉब फिरवून सगळं पुन्हा वर आणायचं. इथे जरा थांबा. सगळं वर आणलं तेव्हा जे सूर हळू होते, ज्यांना यंत्राने हातही लावला नव्हता, तेही तेवढेच वर आले. म्हणजे मोठ्यांना खाली ओढणारं यंत्र अशी ज्याची ख्याती, ते व्यवहारात लहानांना वर चढवणारं यंत्र आहे. आणि या लहानांत नुसते सूर नसतात. तारेवरून बोट सरकल्याचा चर्र आवाज, सिंगल कॉइल पिकअपची गुणगुण, आधीच्या पेडलांची खरखर, सगळी मंडळी एकत्र वर चढतात. दुकानात तक्रार जाते की नवं पेडल आवाज करतंय. पुष्कळदा ते बिचारं तुमच्याकडे होता तोच आवाज तुम्हाला ऐकवत असतं.

यात आणखी दोन गोष्टी वेळेच्या आहेत. सूर उंबरठा ओलांडून गेल्यावर दाब किती लवकर पडतो तो अटॅक, आणि सूर खाली आल्यावर दाब किती वेळाने सुटतो तो रिलीज. आपल्याकडे यासाठी दोन सुंदर शब्द आधीपासून आहेत : आघात आणि आस. तार छेडली तो क्षण आघात. त्यानंतर जे हवेत रेंगाळतं ती आस. कॉम्प्रेसरचा सगळा व्यवहार या दोघांच्या नात्यात चालतो. अटॅक झटपट ठेवला तर आघात कापला जातो, आणि सूर गजाने वाजवल्यासारखा गोल उगवतो. अटॅक सावकाश ठेवला तर आघात निसटून जातो, दाब त्याच्या मागून पडतो, आणि मग आघात पूर्वीपेक्षाही ठळक वाटायला लागतो. तेव्हा कॉम्प्रेसर आघात मारतो असं म्हणणारा आणि कॉम्प्रेसर आघात उठवतो असं म्हणणारा, दोघेही खरं बोलत असतात. मधे एका नॉबचा फरक आहे.

आता भांडणाकडे येऊ. पेडलांची परीक्षणं आम्ही बरीच वाचतो आणि ऐकतो. त्यात स्तुतीचा सर्वांत मोठा शब्द कुठला, तर 'पारदर्शक'. अमुक पेडल इतकं पारदर्शक आहे की ते चालू आहे हे कळतसुद्धा नाही! आम्ही विचारतो, कळत नसेल तर ते विकत कशाला घेतलं? मोठा आणि हळू यांच्यातलं अंतर बदलणं हेच ज्याचं काम, ते काम झालं आणि तरी काहीच बदललं नाही, ही वदतोव्याघाताची जात आहे. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेगळंच काही असतं. सुराची चकाकी गेली नाही, तार ओळखू येते, रंग बदलला नाही, असं त्याला म्हणायचं असतं. ते म्हणावं की! पण रंग ही एक गोष्ट आणि चढउतार ही दुसरी. जुनं लाल डायना कॉम्प सुराचा रंग थोडा झाकोळतं आणि चढउतारही जोरात दाबतं. एखादं उत्तम आधुनिक पेडल रंगाला धक्का न लावता चढउतार तितकेच चिरडू शकतं. दुसऱ्याला पारदर्शक म्हणून आपण त्याच्या निम्म्या कामाकडे डोळेझाक करतो. परीक्षकाने एवढी फोड केली तरी निम्मे वाद मिटतील.

याहून मोठी फसगत आवाजाच्या पातळीत आहे. माणसाच्या कानाला किंचित मोठा आवाज 'जास्त चांगला' वाटतो. मोठा वाटत नाही, चांगला वाटतो, आणि म्हणूनच ही फसगत कळत नाही. टीव्हीवर मालिका चालू असताना जाहिरात आली की ती अंगावर येते. तिचं शिखर मालिकेपेक्षा उंच असेलच असं नाही. तिच्यातलं सगळंच शिखराजवळ नेऊन ठेवलेलं असतं, आणि ही करामत कॉम्प्रेशनचीच आहे. आता दुकानातला किंवा व्हिडिओतला माणूस काय करतो? पेडल बंद ठेवून एक तुकडा वाजवतो, मग पायाने बटण दाबतो. आवाज दोन डेसिबल वाढलेला असतो. सगळे मान डोलावतात. यात परीक्षण कुठे झालं? ही तर वजनकाट्यावर बोट ठेवून केलेली विक्री झाली. कॉम्प्रेसर पारखायचा पहिला नियम असा : चालू आणि बंद या दोन्ही स्थितींत ऐकू येणारा आवाज सारखा येईपर्यंत व्हॉल्यूमचा नॉब जुळवा. त्यानंतर मत द्या. आमच्या अनुभवात एवढं केल्यावर निम्म्या पेडलांचा मोह तिथेच उतरतो.

थोडा इतिहास सांगायला हवा, कारण या यंत्राचा मूळ व्यवसाय पहाऱ्याचा होता. रेडिओचं प्रक्षेपण किंवा ध्वनिमुद्रण चालू असताना अचानक मोठा आवाज येऊन यंत्रणा कोलमडू नये, म्हणून हे ठेवलेलं असे. 1965च्या जानेवारीत हॉलिवुडमधल्या कोलंबिया स्टुडिओत 'बर्ड्‌स' या गटाने बॉब डिलनचं 'मिस्टर टँबरिन मॅन' ध्वनिमुद्रित केलं. रॉजर मॅग्विनच्या हातात बारा तारांची रिकनबॅकर गिटार होती. मॅग्विननेच पुढे सांगितलं आहे की, रॉक अँड रोलच्या दणक्याने उपकरणं बिघडतील या धास्तीने ध्वनिअभियंता रे गेरहार्ट गिटारवर भरपूर कॉम्प्रेशन लावत असे. झालं काय, तर बारा तारांची ती छमछम, जी एरवी चटकन विझून जाते, ती लांबत गेली. तो नाद त्या काळाची ओळख बनून बसला. वाड्याच्या रखवालीला ठेवलेल्या माणसाने ओसरीत बसून गायला सुरुवात करावी आणि लोकांनी वाड्याच्या मालकापेक्षा त्यालाच ऐकायला यावं, तसा हा प्रकार आहे.

स्टुडिओत मात्र यंत्र काचेपलीकडे होतं. ते पेडल होऊन वादकाच्या पायाशी आलं आणि एक गोष्ट मुळापासून बदलली. आता वादक वाजवत असतानाच दाबलेला सूर ऐकतो आणि त्याप्रमाणे हात बदलतो. जोरात छेडून फरक पडत नाही हे बोटांना कळलं की बोटं जोर सोडतात. हळू छेडलं तरी ऐकू येतं हे कळलं की ती सैलावतात. यंत्र वादकाचं ऐकतं आणि वादक यंत्राचं. त्यामुळे पेडलची परीक्षा नुसत्या कानांनी पुरी होत नाही, ती वाजवणाऱ्याच्या मनगटातही व्हावी लागते. दुसऱ्याने केलेल्या व्हिडिओवरून कॉम्प्रेसर निवडू नये, याचं खरं कारण हे आहे.

सत्तरच्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात एमएक्सआर कंपनी निघाली आणि तिचं डायना कॉम्प बाजारात आलं. लाल रंगाची छोटी डबी आणि तिच्यावर दोनच नॉब, आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी. अटॅक किती, रिलीज किती हे कारखान्यातच ठरलेलं. जवळपास त्याच घडणीचं रॉस कंपनीचं करड्या रंगाचं पेडल कॅन्ससमधून आलं, आणि पुढे कीली, वॅम्पलर, झॉटिक या मंडळींनी त्याच मंडलाची सुधारित घराणी काढली. या घराण्याचा स्वभाव असा की आघाताला 'टक' असा गोळीबंद आकार येतो आणि मागून आस फुलते. कंट्री संगीतातलं चिकन पिकिंग, ज्यात तार चिमटीत धरून सोडल्यासारखी वाजते, ते या टकटकीशिवाय बेचव लागतं. 'लिट्ल फीट'चा लोवेल जॉर्ज स्लाइड वाजवायचा तोही डायना कॉम्प लावून. (तो बोटात काचेची नळी न घालता स्पार्क प्लग काढायच्या पान्याचं सॉकेट घालायचा. संगीतात गॅरेजचं ऋण फार कमी लोक मान्य करतात.) स्लाइडला आस लागतेच. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला वेळ हवा आणि तेवढा वेळ तार जिवंत राहायला हवी. आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन राग वाजवले, तेव्हा मींडेसाठी हाच प्रश्न त्यांच्यापुढेही असणार. 1967च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त त्यांची गिटार ऐका. आस किती मोलाची असते ते तिथे कळतं, आणि ती पेडलशिवायही कमावता येते हेसुद्धा.

इलेक्ट्रिक गिटारवर आमचं मत स्पष्ट आहे. तिथे कॉम्प्रेसर रंग म्हणून घ्यावा. इलेक्ट्रिक गिटार मुळातच तार, चुंबक, अँप आणि स्पीकर मिळून एक वाद्य आहे. तिचा 'मूळ', अस्पर्शित आवाज असा कुठे नसतोच. त्यामुळे पेडलने थोडी अरेरावी केली तर वाद्याचा अपमान होत नाही. पण तुमचा अँप जर आधीच फाटत असेल, ओव्हरड्राइव्ह सतत चालू असेल, तर कॉम्प्रेसर घेण्याआधी दोनदा विचार करा. डिस्टॉर्शन हेही एक प्रकारचं कॉम्प्रेशनच आहे. लाटेचं शिखर छाटलं जातं म्हणून तर तो आवाज तसा येतो. छाटलेल्यावर पुन्हा दाब देऊन पदरात खरखरच जास्त पडते. ज्याचा आवाज स्वच्छ, ज्याच्याकडे स्ट्रॅटोकास्टर किंवा टेलिकास्टरसारखी सिंगल कॉइलची गिटार, त्याला कॉम्प्रेसरचा खरा उपयोग. साखळीत तो सहसा पहिला ठेवतात, ओव्हरड्राइव्हच्या आधी. नंतर ठेवला तर ओव्हरड्राइव्हची गुरगुर तो वर उचलतो.

दुसरं घराणं प्रकाशाचं. टेलेट्रॉनिक्सचं एलए-2ए हे स्टुडिओतलं यंत्र या घराण्याचं मूळपुरुष. आत एक प्रकाशणारी पट्टी आणि तिच्यासमोर प्रकाशाने रोध बदलणारा घटक. सूर मोठा झाला की पट्टी उजळते आणि त्या उजेडाच्या प्रमाणात दाब पडतो. उजेड विझल्यावरही समोरच्या घटकाला भान यायला वेळ लागतो. त्यामुळे निम्मा दाब सुमारे 60 मिलिसेकंदांत सुटतो आणि उरलेला अर्ध्या सेकंदापासून काही सेकंदांपर्यंत रेंगाळतो. वागणूक सावकाश, वडीलधारी. पेडलांमध्ये कॅनडाचं पिवळं डायमंड या जातीचं आहे. तिसरं घराणं 1176 या स्टुडिओ यंत्राचं, जे बिल पटनम यांनी 1967 साली आणलं. त्याचा अटॅक 20 ते 800 मायक्रोसेकंद, म्हणजे सर्वांत सावकाश ठेवला तरी एका मिलिसेकंदाच्या आत. इंग्लंडच्या ओरिजिन इफेक्ट्‌सचं कॅली76 आणि एमएक्सआरचं स्टुडिओ कॉम्प्रेसर हे त्याचे पायाशी आलेले वंशज. यांना नॉब जास्त असतात आणि त्यामुळे चुका करायला वावही जास्त.

ॲकॉस्टिककडे वळण्यापूर्वी ॲरिस्टॉटलला दोन मिनिटं बोलावतो. वीणेच्या तारा फार ताणू नयेत आणि फार सैलही ठेवू नयेत, ही बुद्धाने सोणाला सांगितलेली गोष्ट सगळेच सांगतात, म्हणून ती बाजूला ठेवू. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रात मध्यमाचा विचार करताना एक मिस्कील उदाहरण दिलं आहे. दहा मिना अन्न फार होतं आणि दोन मिना कमी पडतं, म्हणून तालमीतला उस्ताद सर्वांना सहा मिना खायला सांगत नाही. मिलोसारख्या नामांकित मल्लाला सहा कमी पडतील, आखाड्यात आज आलेल्या पोराला सहा जास्त होतील. म्हणजे दोन मध्यम आहेत. एक अंकगणिताचा, जो सर्वांना सारखा. दुसरा 'आपल्या सापेक्ष', जो माणसागणिक आणि प्रसंगागणिक वेगळा, आणि विवेकाला सापडतो तो हाच. कॉम्प्रेसरला फक्त पहिला कळतो. उंबरठा आणि गुणोत्तर, झालं. हा सूर वाक्याच्या शेवटी आला म्हणून हळू आहे की बोट थकलं म्हणून हळू आहे, हे त्याला कसं कळणार? दोघांनाही तो सहाच मिना वाढतो.

इलेक्ट्रिकवर हे खपून जातं. ॲकॉस्टिकवर खपत नाही, आणि आमचा खरा आक्षेप इथे आहे. ॲकॉस्टिक गिटारचं लाकडी पोट हे स्वतःच एक विवेकी यंत्र आहे. हळू छेडलं तर आवाज नुसता लहान होत नाही, वेगळा होतो, मवाळ, गोल. जोरात छेडलं तर लाकूड भरून बोलतं, धार येते. म्हणजे हळूपण हा नुसता आकडा नाही, ती सुराची जात आहे. कॉम्प्रेसर हळू सुराला मोठ्याच्या उंचीवर आणतो, पण त्याची जात हळूच राहते. ऐकणाऱ्याला कुजबुज ध्वनिक्षेपकावरून ऐकल्यासारखं वाटतं. चित्रपटगीतात हे कधी कधी मुद्दाम करतात आणि छान लागतं. पण अख्खी मैफल कुजबुजीची केली तर जवळीक उरत नाही, गुदमर होते.

मग ॲकॉस्टिकवाले कॉम्प्रेसर मागतात कशाला? कारण मंचावर त्यांच्या गिटारचं लाकूड ऐकूच जात नसतं, ऐकू जातो तो बहुधा खुंटीपट्टीच्या विरुद्ध टोकाला, घोडीखाली बसवलेला पायझो. तो तारेचा दाब मोजतो. आघात त्याला भाल्यासारखा टोकदार दिसतो आणि आस मात्र लवकर संपल्यासारखी वाटते. तोच तो कर्कश, बदकाच्या आवाजासारखा 'क्वॅक'. तेव्हा ॲकॉस्टिकवर कॉम्प्रेसर लावायचा तो पिकअपचा अपराध झाकायला, ही औषधयोजना आहे. औषध म्हटलं की मात्रा आली. दोनास एक गुणोत्तर आणि जोराच्या स्ट्रमिंगला तीन-चार डेसिबल दाब एवढं आमच्या मते पुष्कळ झालं. त्यापुढे गेलात तर आजाराऐवजी औषधच ऐकू येईल.

त्यातही फिंगरस्टाईलवाल्यांची एक खास अडचण आहे आणि पेडलच्या जाहिरातीत तिचा उल्लेख सापडत नाही. अंगठा जाड तारेवर खर्जाचा ठेका धरतो, बोटं बारीक तारांवर गाणं वाजवतात. साधा कॉम्प्रेसर सगळ्याची मिळून एकच उंची मोजतो आणि खर्जात जोर सर्वांत जास्त. म्हणून अंगठ्याचा ठोका पडला की यंत्र दचकून सगळंच दाबतं आणि वरचं गाणं दर ठोक्याला बुडी मारून वर येतं. आत शिरलेल्या एका उंच माणसामुळे दाराने सगळ्यांनाच वाकायला लावावं, तसं. यावर उपाय दोन. खर्ज आणि तार भाग वेगवेगळे मोजणारं पेडल घ्यायचं, टीसी इलेक्ट्रॉनिकच्या हायपरग्रॅव्हिटीत तशी सोय आहे. नाहीतर ब्लेंडचा नॉब असलेलं पेडल घ्यायचं. ब्लेंड म्हणजे मूळ सूर आणि दाबलेला सूर शेजारी शेजारी वाहू द्यायचे आणि प्रमाण आपण ठरवायचं. आघात मूळ सुरातून येतो, आस दाबलेल्यातून. आम्हाला विचाराल तर या यंत्राच्या आधुनिक इतिहासातली ही सर्वांत सुसंस्कृत सुधारणा आहे. वादकाचा निर्णय खोडला जात नाही. त्याच्या शेजारी दुसरं मत नोंदवलं जातं, इतकंच.

मंचावरचा धोकाही सांगून ठेवतो. शांततेत कॉम्प्रेसर सगळंच वर उचलून धरतो. समोरच्या मॉनिटरचा आवाज गिटारच्या पोटात शिरतो, पेडल तो वर चढवतं, तो पुन्हा मॉनिटरमधून येतो आणि गिटार घुमायला, किंचाळायला लागते. ॲकॉस्टिकवाल्याने घरी बेडरूममध्ये जुळवलेली मात्रा मंचावर निम्म्यावर आणावी. आणि तुमच्या पायझोला गिटारच्या आतच बॅटरीवरचा प्रीअँप नसेल, तर पेडलचा इनपुट इंपिडन्स निदान एक मेगओम आहे ना ते पाहा. कमी असेल तर खर्ज पातळ होईल आणि तुम्ही विनाकारण कॉम्प्रेसरला शिव्या द्याल.

आता नावं. फक्त इलेक्ट्रिक, स्वच्छ आवाज आणि ती जुनी टकटक हवी असेल, तर डायना कॉम्प घ्या आणि त्याचा रंग रंग म्हणून स्वीकारा. ते पारदर्शक नाही म्हणून रडू नका. त्याच घराण्याचं पण सांभाळून घेणारं हवं असेल तर कीलीचं कॉम्प्रेसर प्लस. त्यात ब्लेंड आहे, टोन आहे, आणि सिंगल कॉइल की हंबकर हे सांगायला एक बटणही आहे. बॉसचं निळं सीएस-3 हे 1986पासून चालू आहे, टणक आहे, त्याला अटॅकचा नॉब आहे. मात्र ब्लेंड नाही आणि सस्टेन वाढवला की खरखर वाढते. सस्टेन दुपारी बाराच्या काट्याखाली ठेवणाऱ्याने ते खुशाल घ्यावं. फक्त ॲकॉस्टिक असेल तर एलआर बॅग्जचं अलाइन सेशन पाहा, ते लाकडी वाद्य आणि पायझो डोळ्यांसमोर ठेवून केलेलं आहे.

आणि दोन्ही गिटारी, पैसे एकाच पेडलचे? बहुतेकांची स्थिती हीच असते. तर अटॅक आणि ब्लेंड हे दोन नॉब ज्याच्या बाहेर, हाताशी आहेत तेच घ्यावं. वॅम्पलरचं इगो तसं आहे. झॉटिकचं एसपी छोटं आणि गुणी आहे, ब्लेंड बाहेर आहे, पण बाकीची बारीक जुळवणी आतल्या चिमुकल्या स्विचांवर. मैफलीच्या मधे गिटार बदलल्यावर डबीचे स्क्रू कोण उघडत बसणार? इलेक्ट्रिकला ब्लेंड तीन चतुर्थांशावर, ॲकॉस्टिकला एक तृतीयांशावर, अटॅक दोन्हीकडे सावकाश, अशी सुरुवात करून बघा. किती दाब पडतोय हे दिव्यांनी दाखवणारं पेडल, जसं एंप्रेसचं किंवा एमएक्सआर स्टुडिओ कॉम्प्रेसर, शिकणाऱ्यासाठी फार उपयोगी. कान तयार होईपर्यंत डोळ्यांची मदत घेण्यात कमीपणा नाही.

शिकणाऱ्यांबद्दल मात्र आमचं मत कडक आहे. पहिली दोन-तीन वर्षं रियाजाला कॉम्प्रेसर नको. चारही बोटांचा जोर सारखा पडणं ही उजव्या हाताची कमाई आहे आणि ती कमावताना जी असमानता ऐकू यावी लागते तीच हे यंत्र पुसून टाकतं. हात कच्चा आहे हे ज्याला ऐकूच येत नाही, तो तो पक्का कसा करणार? आणि समानता कमावल्यावर पुढची पायरी येते ती समानता मुद्दाम मोडण्याची. पाचवा सूर किंचित मागे ठेवणं, समेवर येताना एक पाऊल हळू टाकणं. जो कायम पेडल चालू ठेवून वाजवतो, त्याच्या बोटांनी हे करून पाहिलं तरी कानाला बक्षीस मिळत नाही. मग बोटं ते करायचं सोडून देतात. यंत्राने त्याच्याकडून काही हिरावून घेतलेलं नसतं, पण त्याला ते कधी मिळालेलंच नसतं.

काही जण म्हणतील, सर, आजकाल ऐकणारे मोबाइलच्या स्पीकरवर, रिक्षात, गर्दीत ऐकतात. तिथे हळू सूर ऐकूच येत नाही, मग तो वर आणलेला काय वाईट? युक्तिवाद खरा आहे. ध्वनिमुद्रणाच्या शेवटच्या टप्प्यावर, ऐकण्याची जागा लक्षात घेऊन, ते जरूर करावं. ते करणारी माणसं आणि यंत्रं वेगळी आहेत. वादकाने ते काम आधीच आपल्या पायाने करून ठेवलं, तर नंतर कुणाला ते उलटवता येत नाही. एकदा चिरडलेला चढउतार पुन्हा फुलवणारं पेडल आमच्या पाहण्यात नाही.

इथे टेबलावर एक टेलिकास्टर, एक पायझो बसवलेली ॲकॉस्टिक आणि तीन पेडलं ठेवली आहेत. व्याख्यानाआधी आमच्या तरुण मित्राने चालू-बंद दोन्ही स्थितींतला आवाज कानाने जुळवून ठेवला आहे. पेडलांवर कापड टाकलेलं आहे आणि बटण तो दाबेल, वाजवणारा दाबणार नाही. ज्यांना हात चालवायचा आहे त्यांनी एकेक करून पुढे यावं. आधी एक सूर अगदी हळू वाजवा, मग तोच जोरात, आणि मग तार बंद करून शांतता ऐका. चालू होतं की बंद, ते कागदावर लिहून ठेवा. कापड शेवटी काढू.